घरच्या सर्व्हरची तयारी: आधी विजेचं बघा, मग बाकीचं

पुण्यात घरी सर्व्हर, म्हणजे घरचे फोटो वगैरे ठेवायला चोवीस तास चालू राहणारा कॉम्प्युटर, लावायचा तर पहिला विचार विजेचा. गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार, त्या दिवशी लाइट जाऊ शकते हे आपण धरूनच चालतो. सर्व्हरनेही ते धरून चालायला हवं. लाइट परत येईल तेव्हा तुम्ही हिंजवडीला ऑफिसात असाल आणि घरी फक्त आई असेल. अशा वेळी कोणीही हात न लावता सगळं आपोआप उभं राहिलं पाहिजे. माझ्या मते घरचा सर्व्हर चांगला की वाईट हे यावरूनच ठरतं, प्रोसेसर किती भारी यावरून नाही.

तर मशीन हातात आलं की आधी त्याच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि वीज परत आल्यावर मशीन सुरू व्हावं अशी सेटिंग करा. बऱ्याच मशीनवर ती मुळात बंद असते. यूपीएस घ्याल तो यूएसबी पोर्टवाला घ्या, म्हणजे बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळतं आणि तो नीट बंद होतो. लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरायच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर) हे काम ‘नट’ नावाचं सॉफ्टवेअर करतं. इथे एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते. सर्व्हर बंद झाला, पण यूपीएसची बॅटरी पूर्ण संपायच्या आत लाइट आली, तर मशीनच्या लेखी वीज गेलेलीच नसते. मग ते बंदच राहतं. म्हणून सर्व्हर बंद झाल्यावर यूपीएसनेही पुरवठा तोडावा, अशी सोय नटमध्ये चालू करून ठेवा. तुमच्या यूपीएसला ते जमतं का, हे घेण्यापूर्वीच तपासा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाइटवरून बॅटरीवर जायला इतका वेळ लागतो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो.

फायबर इंटरनेटचा डबा आणि राउटर यांना वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस पुरतो. मात्र अ‍ॅडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. फायबर थेट घरात आली असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या जोडाला) वीज लागत नाही. पण जिन्यात नेटवर्कचा स्विच (अनेक घरांना नेट वाटणारा विजेवरचा डबा) बसवून घरात लॅनची वायर आणलेली असेल, तर तो स्विच बंद पडला की तुमच्या यूपीएसचा इंटरनेटपुरता काही उपयोग नाही. कनेक्शन घेतानाच हे विचारा. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, म्हणून सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे ना हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते.

मशीन जुना मिनी पीसी असला तरी पुष्कळ झालं. सरासरी १० वॉट खाणारं मशीन चोवीस तास चाललं तर महिन्याला साधारण ७ युनिट होतात, ६० वॉटच्या जुन्या डेस्कटॉपचे ४३. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपल्यापासून अनेक घरांत धडधाकट मशीन नुसती पडून आहेत. त्यावर डेबियन हे लिनक्स टाका.

पुढचं काम राउटरच्या सेटिंगच्या पानावर. बाहेरचा, म्हणजे वॅनचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा यंत्राचा क्रमांक) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक, म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून एकच असलेल्या पत्त्यामागे आहात, आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर (बाहेरून आलेली जोडणी राउटरने सर्व्हरकडे पाठवण्याच्या सोयीवर) कितीही डोकं आपटलं तरी बाहेरून घरात येता येणार नाही. मग एकतर जादा पैसे मोजून स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा कायमचा पत्ता) घ्या, नाहीतर टेलस्केलसारखं, तुमची यंत्रं खाजगी नेटवर्कने जोडणारं काहीतरी वापरा. तो १९२.१६८ ने सुरू होत असेल तर फायबरचा डबाही राउटरचं काम करतोय. त्याला ब्रिज मोडमध्ये टाकायला कंपनीला सांगा, म्हणजे राउटरचं काम फक्त तुमचा राउटर करेल. सामायिक पत्ता नसला, तरी सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकू नका. बाहेरून घरात सुरक्षित वाट देणाऱ्या वायरगार्डचा एकच पोर्ट (दार) उघडा, एसएसएचला (सर्व्हरवर दुरून लॉगिन करण्याच्या सोयीला) की, म्हणजे किल्लीची फाइल वापरा आणि पासवर्डने लॉगिन बंद करा.

पत्ते आधी कागदावर ठरवा. राउटर १९२.१६८.१.१, मग फक्त शेवटचा आकडा बदलून सर्व्हर १०, प्रिंटर २०, आणि डीएचसीपीने (यंत्रांना आपोआप पत्ते देणाऱ्या सोयीने) वाटायचे पत्ते १०० पासून २०० पर्यंत. सर्व्हरचा पत्ता राउटरमध्येच राखून ठेवा. घरात डीएचसीपी वाटणारा एकच असावा, दोन झाले की दोष रोज जागा बदलतो. पाय-होल हे सॉफ्टवेअर लावून जाहिराती अडवणार असाल तर साइटचं नाव शोधायला सगळे त्यालाच विचारतात, म्हणून तो बंद पडल्यावर घरच्यांचं इंटरनेट कसं चालेल, हे आधी ठरवा. आईची पूजा लाइव्ह चालू असताना हा प्रश्न पडायला नको.

वायर आणि कनेक्टर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळतील. वायरवर ‘कॅट ६’ हा दर्जा छापलाय एवढंच बघू नका, पूर्ण तांब्याची आहे का ते विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण ती ठिसूळ असते. क्रिंप करताना, म्हणजे कनेक्टर वायरवर दाबून बसवताना, तारांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खिट्टी खाली, तारांची टोकं आपल्यापासून लांब, पुढच्या दिशेला धरून डावीकडून मोजायचं. तारा सरळ करून एका रेषेत कापा, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत, दाबपट्टीखाली जाईल एवढंच सोला. आवरण बाहेर राहिलं तर ओढ थेट तारांवर येते. नंतर वायर जोडून कॉम्प्युटरवर लिंकचा वेग (मेगाबिटमध्ये) बघा. १००० ऐवजी १०० दिसला तर निळी किंवा तपकिरी जोडी नीट बसली नाही असं समजा. गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही जोड्या लागतात, १०० ला नारिंगी आणि हिरवी एवढ्या पुरतात. वाय-फायमध्ये मी फार वेळ घालवत नाही. वाड्याच्या जाड भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झ जात नाही, तिथे वायर ओढून वाय-फाय देणारा दुसरा डबा, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट लावायचा.

घरचे फोटो सर्व्हरवर टाकण्याआधी त्यांची दुसरी प्रत कुठे राहणार हे ठरवा. दोन डिस्कचं रेड (दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिण्याची सोय) म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून डिलीट केलेला फोटो दोन्हीकडून एकदमच जातो. एक प्रत घरातच वेगळ्या डिस्कवर, एक नाशिकला ताईकडे. आणि बॅकअपमधून एखादा अल्बम परत काढून, फोटो खरोखर उघडून बघा. तोवर तो बॅकअप झाला असं म्हणू नका.

शेवटी एक कार्ड लिहा, मराठीत, ठळक अक्षरांत, आणि राउटरशेजारी चिकटवा. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर दोष बहुधा बाहेरचा, कंपनीला फोन करा, घरातलं काही हलवू नका. लाल दिवा नाही पण नेट नाही, तर आधी डबा बंद-चालू, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, मग सर्व्हर. कार्डाच्या मागच्या बाजूला जाणत्यासाठी: १९२.१६८.१.१ ला, म्हणजे राउटरला पिंग (उत्तर येतं का हे बघायची कमांड), मग ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला, मग एखाद्या साइटच्या नावाला. पहिलं चुकलं तर वायर किंवा वाय-फाय, दुसरं चुकलं तर बाहेरची लाइन, फक्त तिसरं चुकलं तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी सोय. फोनला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल तर डीएचसीपी पोचलेलं नाही. हे सगळं झालं की एखाद्या रविवारी मेन स्विच पाडा, यूपीएस संपू द्या, स्विच परत चालू करा, आणि आईला कार्ड देऊन तुम्ही बाजूला बसा. ती जिथे अडेल ती ओळ पुन्हा लिहा.