द्युपाँची बिअर चाखायची कशी आणि गुण द्यायचे कसे

बाटली उघडायच्या आधी कूलर बंद करा. निदान वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर तरी. ओल्या वाळ्याचा वास उन्हाळाभर घरात असतो, त्यामुळे नाकाला तो जाणवेनासा होतो. पण बिअर हुंगताना तो मध्ये येतोच, आणि मग प्रत्येक बिअरपुढे 'मातकट' असा शेरा पडतो. अगरबत्ती, मच्छरची कॉइल, मोगऱ्याचा गजरा, अत्तर, सगळं त्या खोलीतून बाहेर काढा. खर्रा खाऊन आलेल्या माणसाला आमच्याकडे बसायला मिळतं, गुण द्यायला मिळत नाही. सुपारी आणि चुना जिभेवर बराच वेळ राहतात. त्या जिभेला कडूपणाचा अंदाज येत नाही.

मी हिंगणा एमआयडीसीत एका मसाल्याच्या कारखान्यात चव तपासणीचं काम करते. धणेपूड, तिखट, गरम मसाला यांचे नमुने हुंगायचे, चाखायचे आणि गुण लिहायचे. माझा भाचा बेल्जियममध्ये गेंटला शिकतो. तो येताना तिथल्या ब्रासरी द्युपाँ या ब्रुअरीच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याच्या, बाटल्या आणतो, आणि आम्ही त्या घरी त्याच शिस्तीने तपासतो. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत दारू करमुक्त आणता येते. ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, नेमकं बसतं. तुमच्यासाठी कोणी आणणार असेल तर सहा वेगवेगळ्या मागवू नका, तीन प्रकारांच्या दोन-दोन मागवा. पहिल्या बाटलीत शंका राहिली तर दुसरी हाताशी असते. आपल्या राज्यात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो, तो आधी काढून ठेवा.

ज्या ब्रुअरीची बिअर तपासायची, तिला काय करायचं आहे ते माहीत असल्याशिवाय गुण देऊ नयेत. द्युपाँ ही बेल्जियमच्या एनो प्रांतातल्या तूर्प नावाच्या खेड्यातली शेतावरची ब्रुअरी. तिथे १८४४ पासून बिअर होते आणि १९२० मध्ये ती द्युपाँ कुटुंबाकडे आली. त्यांची ओळख म्हणजे सेझाँ, ६.५ टक्के अल्कोहोलची. हिवाळ्यात करून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांची तहान भागवायची, अशी या प्रकाराची परंपरा. म्हणून ती कोरडी, कडवट आणि भरपूर फसफसणारी असते. गोडवा जवळपास नसतोच. दुसरी म्वानेत ब्लाँद, ८.५ टक्क्यांची, १९५५ पासूनची, अंगाने जड. तिसरी बाँ व्हो, ९.५ टक्क्यांची, नववर्षाच्या शुभेच्छा म्हणून गिऱ्हाइकांना भेट द्यायला सुरू झालेली. तिन्हींमध्ये बिअर आंबवणारं यीस्ट बाटलीतही काम करत राहतं, म्हणून तळाशी गाळ असतो.

सेझाँत काळी मिरी घातली आहे, असं पहिल्यांदा पिणाऱ्या बहुतेकांना वाटतं. त्यात मसाला नसतो. ती मिरी यीस्टची. बहुतेक बिअरची यीस्ट थंडाव्यात नीट काम करते. द्युपाँचं यीस्ट मात्र ३० अंशांच्या वर आंबवतात, आणि त्या उष्णतेत ते साखर जवळपास सगळी खाऊन टाकतं व मागे मिरीचा, संत्र्याच्या सालीचा वास ठेवतं. मसाल्यात जन्म गेलेल्या माझ्यासारखीला हे फार मोलाचं वाटतं. मिरीचा एक दाणा न वापरता एवढी नेमकी मिरी!

आता साठवण. याबाबत मी कुणालाही सूट देत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि बंद गाडीच्या डिकीत त्याहून जास्त. अशा डिकीत दुपारभर राहिलेली बाटली मी गुणांसाठी घेत नाही. उष्णतेत बिअर लवकर शिळी होते आणि तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो. दुसरा शत्रू ऊन. बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की जळक्या रबरासारखा, लसणीच्या अंगाने जाणारा उग्र वास तयार होतो. तपकिरी काच त्यातून बरंच वाचवते, हिरवी फारसं वाचवत नाही. द्युपाँची ७५ सेंटिलिटरची हिरवी बाटली मिळाली तर ती कागदात गुंडाळूनच ठेवा. घरी आल्यावर बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवा आणि निदान दोन दिवस हलवू नका, गाळ खाली बसू द्या.

तोवर नाकाची तयारी करून घ्या. इतवारीच्या किराणा ओळीतून लवंग, अख्खे धणे आणि काळी मिरी आणा. घरात पिकलेलं केळं, लोणी, उकडलेला भुट्टा, ओल्या पुठ्ठ्याचा तुकडा आणि मोसमात संत्र्याची ताजी साल असतेच. मिरी आणि धणे नुसते भरडा, भाजू नका. प्रत्येक वस्तू झाकणाच्या वाटीत ठेवा आणि कुणाला तरी डोळ्यांवर रुमाल बांधून ओळखायला लावा. लवंग सगळे ओळखतात. धणे आणि संत्र्याची साल यांत मात्र माणसं अडखळतात, कारण दोन्हींत तो हलका, लिंबासारखा वास असतो. तिथे थांबा. साल नखाने दुमडली की तिचं तेल उडतं, तो वास टोकदार असतो आणि लगेच विरतो. धण्याचा वास गोलसर, त्याला थोडी लाकडाची बाजू असते. हा फरक नाकात बसला की सेझाँच्या ग्लासात काय आहे ते सांगता येतं. लोणी, भुट्टा आणि पुठ्ठा हे दोष ओळखण्यासाठी. द्युपाँच्या कुठल्याही बिअरमध्ये यांपैकी एकही जोरात आला तर काहीतरी बिघडलेलं आहे.

ग्लास पातळ काचेचा, पोट मोठं आणि तोंड जरा आवळलेलं असा घ्या. वाइनचा ग्लास उत्तम. स्टीलचा पेला नको, त्यात ना रंग दिसतो ना वास धरून राहतो. साबणाचा अंश राहिला तर फेस बसतो, तेलाचाही तोच परिणाम. म्हणून सावजीचा रस्सा किंवा तर्री-पोहे चाखणीच्या आधी अजिबात नकोत. ओठावरची तर्री फेस तर मारतेच, शिवाय तिखटाने पेटलेल्या जिभेला ९.५ टक्क्यांची दारू नुसती आग वाटते. मधल्या वेळात बिनमिठाचे मुरमुरे, साधा पाव आणि साधं पाणी.

क्रम नेहमी हलक्याकडून जडाकडे: सेझाँ, म्वानेत, बाँ व्हो. ३३ सेंटिलिटरची एक बाटली तिघांत वाटा, प्रत्येकी साधारण ११० मिलिलिटर. तेवढ्यात सगळं कळतं. ग्लास तिरका धरून हळू ओता, शेवटी सरळ करून फेस चढू द्या, आणि बाटलीत बोटभर बिअर गाळासकट ठेवा. ती सगळ्यात शेवटी वेगळी चाखायची. गाळाने बिअर दाट लागते, पण पावासारखी यीस्टची चव वर येते. ते गुण स्वच्छ बिअरच्या गुणांत मिसळू नका.

आपल्या हवेचा इथे फायदा होतो. फ्रिजमधून काढलेली बिअर ४-५ अंशांवर असते. नागपूरच्या खोलीत ती भराभर कोमट होते, त्यामुळे एकाच ग्लासात दोन बिअर तपासायला मिळतात. ओतल्या ओतल्या एक घोट घ्या आणि लिहा. मग ग्लास टेबलावर राहू द्या. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर १२ अंश आले की पुन्हा हुंगा, पुन्हा लिहा. थंड असताना बुडबुड्यांचा चटका आणि कडूपणा पुढे असतो, वास दबलेला. कोमट होत गेली की केळं, साल, मिरी उघडतात, आणि दारूचा दाहही. चांगली केलेली बिअर दुसऱ्या नोंदीत वर जाते. माझा सगळा भर या दुसऱ्या नोंदीवर आहे. गार गार बिअरला दिलेले गुण बहुतेक वेळा फ्रिजला दिलेले असतात.

हुंगताना लांब श्वास घेऊ नका, दोन-तीन छोटे घ्या आणि नाकाला विसावा द्या. घोट घेतल्यावर गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. मिरी आणि लवंग त्या परतीच्या श्वासात सापडतात. थुंकून टाकलीत तर बिअरचा मागे रेंगाळणारा कडूपणा नीट कळत नाही, म्हणून गिळायचीच, आणि म्हणूनच माप छोटं. गाडी घेऊन येणाऱ्यांनी परतीची सोय आधी करावी.

गुणांसाठी बिअर-परीक्षकांची ५० गुणांची पद्धत घ्या. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी वाटते त्याला ५ आणि एकूण ठशाला १०. नवख्यांना पांढराशुभ्र उंच फेस पाहून भरभरून गुण द्यावेसे वाटतात, पण त्याच्या वाट्याला तिनांतलेच काही येतात. खरा निकाल वास आणि चवीच्या ३२ गुणांत लागतो. आधी शब्द लिहा, मग आकडा. 'छान' हा शब्द आमच्या कागदावर चालत नाही. काय छान, कुठे छान, किती वेळ टिकलं ते लिहायचं.

माझा सेझाँचा एक कागद असा आहे. वास: भरडलेली मिरी, संत्र्याची साल, खाली ताज्या पावाचा; कोमट झाल्यावर किंचित गवत. १०. दिसणं: केशरी झाक असलेला सोनेरी, गढूळसर, फेस दाट आणि ग्लासाला जाळी धरणारा. ३. चव: सुरुवातीला धान्याचा गोडवा येतो न येतो तोच जातो, मग कडू, शेवट पूर्ण कोरडा. १७. तोंडात: हलकी, बुडबुडे जिभेला टोचणारे पण बोचरे नव्हेत. ५. एकूण ८. बेरीज ४३. या पद्धतीत ३८ ते ४४ म्हणजे उत्कृष्ट.

त्याच बिअरला माझ्या धाकट्या भावाने ३१ दिले होते. "ताई, कडू लागून राहिली न बाप्पा," एवढंच त्याचं म्हणणं. त्याला गोडसर स्ट्राँग बिअरची सवय. कडू लागणं हे त्याचं खरं, पण सेझाँ कडवट आणि कोरडीच असायला हवी, म्हणून तो दोष धरता येत नाही. तेव्हापासून आमच्या कागदावर खाली वेगळी ओळ असते: 'पुन्हा घ्याल का?' तिथे आवडनिवड मोकळेपणाने लिहा, गुणांच्या बेरजेत ती येऊ देऊ नका. बाँ व्होला भावाने तिथे 'हो' लिहिलं, मी 'हिवाळ्यात' असं लिहिलं.

गुण लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने 'केळं' म्हटलं की सगळ्यांना केळंच लागतं. कागद उघडल्यावर दोघांच्या बेरजेत सातपेक्षा जास्त फरक निघाला तर तेवढ्या दोघांनी ती बिअर पुन्हा चाखायची. ठेवणीतली दुसरी बाटली त्याचसाठी. कागदावर बाटलीवरची तारीख आणि ती किती दिवस फ्रिजमध्ये होती तेही टिपा.

जेवण मात्र कागद गोळा झाल्यावरच वाढायचं. उरलेल्या सेझाँबरोबर आमच्याकडे वडाभात असतो, वर हिंग-मोहरीची गरम फोडणी. तेलकट घासानंतर तिचा कोरडा कडूपणा जीभ स्वच्छ करतो. म्वानेतबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी चांगली जाते. सावजी मटण तिन्हींपैकी एकीबरोबरही ठेवू नका, तिथे बिअर हरते.