पतंग झेलणाऱ्याचे हात

संक्रांतीला गच्चीवरून पतंग उडवलेल्या माणसाला पतंग खाली उतरवण्याचे भय कधी वाटत नाही. मांजा गुंडाळत आणला की पतंग हाताशी येतो, आणि मध्येच कटला तर दुसऱ्याला कन्नी बांधता येते. काइटसर्फिंगच्या, म्हणजे पतंगाच्या ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावर धावण्याच्या खेळातल्या, पतंगाचे तसे नाही. सहा ते बारा चौरस मीटरचा, पुढच्या कडेला हवा भरलेली जाड नळी असलेला हा पतंग वीस ते चोवीस मीटर लांबीच्या चार दोऱ्यांनी आपल्या हातातल्या दांड्याला, म्हणजे बारला, आणि कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, जोडलेला असतो, आणि वारा वाहतो आहे तोवर तो ओढतच राहतो. हवेत असताना त्याच्या दोऱ्या गुंडाळून त्याला जवळ आणता येत नाही. म्हणून दोऱ्यांच्या दुसऱ्या टोकाशी, वाळूवर, कोणीतरी उभे राहून तो हातांनी धरावा लागतो. हा खेळ शिकू पाहणाऱ्यांसाठी मी जे लिहिते आहे, ते या धरण्याविषयी आहे. पाण्यावर उभे राहण्याविषयी सांगणारे पुष्कळ भेटतील.

माझे शिक्षण दोन ठिकाणी झाले. पहिले गोव्यात, मोरजीच्या किनाऱ्यावर. तिथे फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि ते साधारण बारा ते पंधरा नॉटच्या, म्हणजे ताशी बावीस ते अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास राहतात. त्या वाऱ्यात मी नऊ चौरस मीटरचा पतंग वापरत असे, आणि उतरवताना चुका झाल्या तरी त्या निभावून जात. दुसरे शिक्षण श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कल्पिटियाला झाले. तिथे एका बाजूला खुला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला उथळ खाजण, यांच्यामध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आहे. जुलै महिन्यात नैऋत्य मोसमी वारा तिच्यावरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत सुटलेला असतो. मी गेले तेव्हा तो पंचवीस नॉट होता, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर. पंधरावरून पंचवीस हा आकडा ऐकायला फार वाटत नाही. पण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तोच पतंग तिथे जवळपास पावणेतीन पट ओढतो. पतंग सहा चौरस मीटरचा घेतला तरी वाऱ्याच्या एखाद्या झोताने होणारा फरक अंगावर येण्याइतका असतो.

तिथल्या दुसऱ्याच दिवशी मला उतरायचे होते आणि किनाऱ्यावर ओळखीचे कोणी नव्हते. एक पर्यटक गृहस्थ आनंदाने पुढे आले. त्यांनी हा पतंग पूर्वी कधी हातात धरला होता का, हे मी विचारले नाही. पतंग खाली आला, तेव्हा त्यांनी हाताशी आलेले टोक पकडले. ते टोक धरल्याबरोबर पतंग त्याच्याभोवती गिरकी घेऊ लागला, आणि मी घाबरून बार स्वतःकडे खेचला. नेमके हेच करायचे नसते, कारण बार खेचला की पतंगाची ओढ वाढते. पतंग त्यांच्या हातून निसटला, जाताना ती जाड नळी त्यांच्या खांद्यावर आदळली, आणि तो माझ्यासमोरून आडवा गेला तेव्हा मी तोंडावर पडून शिंपल्यांनी भरलेल्या वाळूवरून दहाएक मीटर फरफटत गेले. क्विक रिलीज, म्हणजे पतंगाची ओढ एकदम तोडणारी कळ, ढकलल्यावर सगळे थांबले. माझे दोन्ही गुडघे सोलून निघाले होते आणि त्या गृहस्थांचा खांदा रात्रीपर्यंत सुजला होता. त्यांना दुखापत झाली ती माझ्यामुळे, हे मला आजही मान्य आहे. मदत मागणाऱ्याने मदत कशी करायची ते सांगितले पाहिजे, आणि मी ते सांगितले नव्हते.

त्यानंतर माझ्या प्रशिक्षकाने मला तीन दिवस पाण्यात जाऊ दिले नाही. तो तिथल्याच मच्छीमार वस्तीतला मुलगा होता आणि लहानपणापासून किनाऱ्यावर पतंग झेलत मोठा झाला होता. येणाऱ्या प्रत्येकाचा पतंग मी उतरवून घ्यायचा, एवढेच काम त्याने मला दिले. त्या तीन दिवसांत मी जे शिकले ते त्याआधीच्या सगळ्या धड्यांत मिळाले नव्हते. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझा आग्रह आहे, की स्वतः जोराच्या वाऱ्यात उतरण्याआधी निदान वीस-पंचवीस वेळा दुसऱ्यांचे पतंग झेलावेत.

झेलणाऱ्याच्या जागेवरून पतंग कसा दिसतो ते सांगते. वीसेक मीटरवर रायडर, म्हणजे पतंग चालवणारा असतो, आणि पतंग तुमच्या बाजूला हळूहळू खाली येतो, एक टोक आकाशाकडे आणि दुसरे वाळूकडे करून. जवळ आल्यावर कापडाचा फडफडाट नसतो, एक सलग गुणगुण असते. ती गुणगुण चालू आहे तोवर पतंगात वारा भरलेला आहे असे समजावे. तुम्ही उभे राहायचे ते नळीच्या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला. दोऱ्या असतात पतंगाच्या पोकळ बाजूला, आणि त्या बाजूला पाऊल टाकायचे नाही, कारण ताणलेली दोरी त्वचा कापते. खालचे टोक वाळूपासून हातभर अंतरावर येऊन पतंग स्थिर झाला, की दोन पावले पुढे जाऊन नळीचा बरोबर मधला भाग दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. चेहरा थोडा बाजूला ठेवायचा. मधोमध धरलेला पतंग शांत होतो, हे हाताला लगेच कळते: ओढ असते, पण ती एका दिशेची आणि सारखी असते. टोकाला धरलेला पतंग मात्र हातात वळवळतो. हा फरक वाचून समजत नाही. तो एकदा तळव्यांना कळला, की स्वतः रायडर असताना झेलणाऱ्याला पतंग कसा हवा असतो हेही कळते. आणि धरलेला पतंग आपल्याला उचलू लागला किंवा पुढे ओढत नेऊ लागला, तर तो सोडून देऊन मागे सरायचे. पतंग वाचवण्यासाठी कोणीही त्याला लोंबकळू नये.

गमतीची नव्हे, पण लक्षात ठेवण्यासारखी एक बाब इथे सांगते. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ साली हवा भरलेल्या पतंगाचे पेटंट नोंदवले, ते पाण्यात पडलेला पतंग तरंगावा आणि पुन्हा उडवता यावा म्हणून. पाण्यावर जी नळी आपल्याला तारते, तीच किनाऱ्यावर झेलणाऱ्याच्या तोंडावर बसू शकते.

आता रायडरची बाजू. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि समोरचे आकाश म्हणजे घड्याळाची तबकडी आहे असे समजावे: डोक्यावर बारा, डाव्या हाताला नऊ, उजव्या हाताला तीन. पतंग समोर, मधोमध असतो तेव्हा त्याची ओढ सर्वांत जास्त, आणि नऊ किंवा तीनच्या कडेला सर्वांत कमी. याला विंड विंडो म्हणतात. उतरवायचे ते नेहमी या कडेला, म्हणून झेलणारा तुमच्या अगदी बाजूला असला पाहिजे. तो बाजूला नसून जरा पुढे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जातो त्या बाजूला असेल, तर पतंग त्याच्या हातात ओढ घेऊनच पोहोचतो. अशा वेळी त्याला हाका मारून हलवण्यापेक्षा आपणच खाली सरकून तो बाजूला येईल अशी जागा घ्यावी, आणि हे सरकणे पतंग खाली आणण्याच्या आधी पुरे करावे.

जोराच्या वाऱ्यात किनाऱ्याला लागण्यापूर्वी मी कमरेएवढ्या पाण्यात थांबते. आधी मागे पाहते, कारण काळा ढग पुढे सरकत असेल तर पावसाआधीचा झोत त्याच्याबरोबरच येतो, आणि तसे असेल तर दहा मिनिटे आधी उतरणे केव्हाही बरे. मग बारच्या वरचा पट्टा ओढून पतंगाची ताकद कमी करते. पतंग डोक्यावरून किनाऱ्याच्या बाजूला नेण्याचे काम मी पाण्यात असतानाच सावकाश उरकते. वाळूवर उभे राहून पतंग बाराच्या जागी ठेवणे मला सगळ्यात धोक्याचे वाटते, कारण तिथे आलेला झोत माणसाला सरळ वर उचलतो आणि खाली पडायला पाणी नसते. त्यानंतर तळहाताने डोक्यावर थापटते. ही खूण जगभर चालते. तिचा अर्थ, मला पतंग उतरवायचा आहे. समोरून अंगठा वर झाला किंवा तशीच थाप दिसली, तरच पुढे जायचे. नुसते आपल्याकडे पाहणारा माणूस मदतीला तयार आहे असे धरू नये.

शक्य असेल तिथे मी स्वतः गुडघाभर पाण्यात उभी राहते आणि झेलणारा वाळूवर असतो, म्हणजे काही बिघडलेच तर फरफट पाण्यातून होते. एक हात बारच्या मध्यावर, दुसरा क्विक रिलीजजवळ. पतंग कडेकडेने, एखादे जड भांडे फळीवरून उतरवावे तसा खाली आणायचा, आणि हातभर उंचीवर आला की थांबवायचा. त्या क्षणी बार दूर सोडलेला असावा. शेवटच्या मीटरभर अंतरात घाई होते, कारण हात दमलेले असतात आणि समोरचा माणूस जवळ दिसत असतो. पण पतंग धपकन खाली आला तर झेलणाऱ्याला तो मधोमध धरता येत नाही, आणि मग तो जे सापडेल ते धरतो.

पतंग पक्का धरला गेला आहे हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्याच्या दिशेने चार-पाच पावले झपाझप चालत जायचे, म्हणजे दोऱ्या सैल पडतात आणि झेलणाऱ्याच्या हातांवरचा भार उतरतो. हेच पाऊल आधी टाकले तर मात्र घात होतो. धरण्याआधी दोऱ्या ढिल्या पडल्या, की पतंग कडेवरून मागे विंडोत ढकलला जातो आणि दोऱ्यांना पुन्हा ताण आला की झेप घेतो. संक्रांतीच्या पतंगाला ढील दिली की तो वर चढतो, आणि ती सवय हातात असणाऱ्या आपल्या मंडळींना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. दोऱ्या सैल झाल्यावर चिकन लूप, म्हणजे बारला हार्नेसशी जोडणारी कडी, हुकमधून काढावा आणि लीश, म्हणजे सुरक्षेची दोरी, तेवढी जोडलेली ठेवावी. मग झेलणाऱ्याच्या हातून पतंग सुटला तरी तो एकाच दोरीवर फडफडत राहतो आणि फारसा ओढत नाही.

काही किनाऱ्यांवर जागाच वाईट असते. सुरूच्या किंवा माडांच्या रांगेमागून येणारा वारा तुटक, भोवऱ्यांचा असतो, आणि पतंग खाली येता येता मध्येच जीव गेल्यासारखा पडतो किंवा अचानक उसळतो. अशा ठिकाणी मोकळ्या पट्ट्यापर्यंत चालत जाण्याचा कंटाळा करू नये. वाऱ्याच्या खालच्या अंगाला दोऱ्यांच्या दुप्पट लांबीएवढे, म्हणजे पन्नासेक मीटर अंतर तरी माणसे, होड्या, दगड आणि विजेच्या तारा यांपासून मोकळे असावे.

आणि झेलणारा कोणीच नसेल, तर? जोराच्या वाऱ्यात एकट्याने वाळूवर पतंग उतरवण्याचे प्रकार अनुभवी लोक करतात, पण शिकणाऱ्याने ते करू नयेत. किनाऱ्यापासून थोडे आत, मोकळ्या पाण्यात, क्विक रिलीज ढकलून पतंग पाण्यावर पाडावा, दोऱ्या बारवर गुंडाळत पतंगापर्यंत जावे आणि त्याला धरून पोहत किंवा तरंगत बाहेर यावे. याला सेल्फ रेस्क्यू म्हणतात, आणि तो शांत वाऱ्यात दोन-तीनदा करून ठेवलेला असला, तरच जोराच्या वाऱ्यात सुचतो.

अनोळखी माणसाची मदत घ्यायचीच झाली, तर मी आता पाण्यात जाण्याआधीच त्याच्याशी बोलते. पूर्वी धरला आहे का, हा पहिला प्रश्न. नाही म्हणाला, तर जमिनीवर पडलेल्या माझ्याच पतंगावर त्याला नळीचा मध्य दाखवते, त्याचे हात तिथे ठेवून घेते, आणि ओढ लागली तर सोडून द्या, मी रागावणार नाही, असे स्पष्ट सांगते. आपल्याकडची माणसे मदत करायला निघाली की हातातले सोडत नाहीत, म्हणून हे शेवटचे वाक्य मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत दोनदा सांगते. मात्र लहान मुलांना मी कधीच पतंग धरू देत नाही, ती कितीही मागे लागली तरी.

पतंग धरून झाला की झेलणाऱ्याने तो पालथा करून नळी वाऱ्याच्या दिशेला वाळूत टेकवायची, म्हणजे वाराच त्याला खाली दाबून ठेवतो. पण तेवढ्यावर भागत नाही, कारण वाऱ्याची दिशा जराशी फिरली तरी तो उठू शकतो. नळीला लागून कापडावर ओंजळी-ओंजळीने नव्हे, तर दोन्ही हातांनी लोटून, भरपूर वाळू टाकावी. जोराच्या वाऱ्यात ओली वाळू बरी, कारण कोरडी उडून जाते. कल्पिटियाचा तो मुलगा वाळू टाकून झाल्यावर पतंगाला पायाने हलकेच ढकलून पाहत असे, आणि तो हलला तर आणखी वाळू घालत असे. तोवर मी हुक काढला आहे का, याकडे त्याचे लक्ष असायचे. मी बार खाली ठेवून रिकामे हात वर करून दाखवले, की मगच तो पुढच्या पतंगाकडे वळायचा.