खाँसाहेबांच्या तबकडीतून रॅपची बीट

जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून त्यावर रॅप बसवायचा, तर सांगली-मिरजेत कच्चा माल घरातच सापडतो. माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या असतातच.

आधी हक्कांचं बघा. भारतात ध्वनिमुद्रणावरचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, आणि शब्द-चालीवरचा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मिरजेच्या दर्ग्यात विसावलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या हयातीत निघालेली पारंपरिक ठुमरीची तबकडी या हिशेबात मोकळी. अमेरिकेत मात्र १९२३ ते १९४६ मधल्या ध्वनिमुद्रणांना १०० वर्षांचं संरक्षण आहे, तेव्हा गाणं जगभर सोडणार असाल तर वर्ष मोजून घ्या. आणि ‘चारच सेकंद घेतलीत’ अशी सूट कायद्यात कुठेही लिहिलेली नाही.

तबकडी ओल्या फडक्याने हलकी पुसा. स्पिरिट लावू नका, तबकडीतली लाख विरघळते. ७८साठी जाड सुई लागते. एलपीची बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. मी एक नवी सुई अशीच घालवली. आवाज ऑडॅसिटी या कापाकापीच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या, ते फुकट आहे.

आता खरं काम, ऐकण्याचं. तान उचलायचा मोह होतो, पण तान स्वतःच इतकी बोलते की रॅपरला जागा उरत नाही. मला आवडते ती गायक श्वास घेतो तेव्हा बाजाची पेटी एकटी उरते ती जागा. ठेका ओळखा. केरवा ८ मात्रांचा, हिपहॉपच्या चार ठोक्यांत सरळ बसतो. दादऱ्याच्या ६ मात्रा ओढूनताणून बसवाव्या लागतात.

सुरी समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर चालवा. पडद्यावरची आवाजाची लाट मोठी करून बघा आणि ती मधली रेघ ओलांडते तिथेच कापा. जरा इकडेतिकडे झालं की प्रत्येक फेरीला ‘टक्’ वाजतं. मिनिटाला ९० ठोक्यांची लय धरली तर चार ठोके सुमारे २.६७ सेकंदांत संपतात. तबलजी काही मशीन नव्हे, लय थोडी सरकतेच. म्हणून अख्खा तुकडा ताणण्यापेक्षा प्रत्येक मात्रा सुटी कापा आणि आपापल्या जागी ठेवा. एखादी मात्रा उलटसुलट लावून बघा, मजा तिथेच आहे.

बेस, म्हणजे खालचा जाड सूर लावताना घोळ होतो. तबकडीचा वेग तेव्हाही काटेकोर नसे, त्यामुळे तिचा षड्ज आजच्या कुठल्याच पट्टीत नेमका बसेल असं नाही. तबकडीचा सूर हलवू नका, बेसच कानाने जुळवा. तंबोऱ्याचा भरणा हवा असेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराची परवानगी घेऊन स्वतः रेकॉर्ड करा. खरखर सगळी पुसू नका. पुसली तर पेटी प्लास्टिकची वाटते. फक्त खालची घरघर कापा, बेसला जागा होते. मग ड्रमचे ठोके, किक आणि स्नेअर.

लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, तयार झाला की चहा उकळेपर्यंत तसाच वाजू द्या. स्वयंपाकघरातून ‘तेच तेच काय लावलंयस?’ असं आलं, तर तुकडा तोकडा पडलाय. पुढच्या आठ मात्रा घ्या.