प्रगत फायनाइट एलिमेंट पद्धतीचा अभ्यास कसा करावा: खानदेशातील एम.टेक.च्या विद्यार्थ्यांसाठी

पदवीच्या वर्षांत फायनाइट एलिमेंट (वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, करून तिच्यातील विस्थापन व स्ट्रेस काढण्याची पद्धत) म्हणजे बहुधा सॉफ्टवेअरमध्ये मेश करणे आणि रंगीत चित्र अहवालात चिकटवणे एवढेच हाती लागते. एम.टेक.ला हा विषय गणिताच्या अंगाने समोर येतो, तेव्हा जळगाव-धुळ्याकडच्या अनेकांना पुण्या-मुंबईचा क्लास लावल्याशिवाय तो जमणार नाही असे वाटू लागते. तसे काही नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य आहेत, आणि पायथन ही प्रोग्रामिंग भाषा व कॅल्क्युलिक्स हे फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर यांनाही पैसे पडत नाहीत. कमी पडते ती स्वतः प्रोग्राम लिहून पाहण्याची सवय.

सुरुवात एकमितीय बारपासून करावी. वीक फॉर्म (समतोलाच्या समीकरणाचे संकलनातले रूप) कागदावर मांडून तीन एलिमेंटांची स्टिफनेस मॅट्रिक्स हाताने जोडावी. यात आठवड्याहून अधिक वेळ घालवू नये. त्यानंतर चार नोडचा आयसोपॅरामेट्रिक एलिमेंट (आकार व विस्थापन दोन्हींसाठी तीच फलने वापरणारा) 2 × 2 गॉस बिंदूंसह, म्हणजे संख्यात्मक संकलनाच्या बिंदूंसह, लिहावा आणि त्याची पॅच टेस्ट, म्हणजे एकसारखा स्ट्रेस तो अचूक देतो का याची चाचणी, घ्यावी. त्यासाठी आतला नोड मुद्दाम तिरपा ठेवून कडेच्या नोडांना रेषीय विस्थापन द्यावे. सर्व एलिमेंटांत स्ट्रेस दहाव्या दशांश स्थळापर्यंत एकसारखा आला पाहिजे. ‘जवळपास बरोबर’ आला, तर प्रोग्राममध्ये चूक आहे असेच समजावे.

लॉकिंगला, म्हणजे एलिमेंट खऱ्यापेक्षा खोटाच ताठ वागण्याच्या दोषाला, मात्र भरपूर वेळ द्यावा, कारण प्रगत अभ्यासक्रमातील अर्धेअधिक सूत्रीकरणे त्याच्यावरचे उपाय म्हणूनच जन्मली आहेत. एका बीमवर शुद्ध बेंडिंग मोमेंट लावून उंचीत एकच एलिमेंट ठेवावा. पॉयसन गुणोत्तर 0.3 असताना, प्लेन स्ट्रेसमध्ये, चौरस एलिमेंट खऱ्यापेक्षा सुमारे 1.48 पट ताठ वागतो. एलिमेंटची लांबी उंचीच्या दहापट केली की हीच पट जवळजवळ 40 होते, म्हणजे बीम वाकायचा तितका वाकतच नाही. हे आकडे स्वतःच्या प्रोग्राममधून काढल्यावर गॉस बिंदू एकच ठेवून पाहावा आणि एलिमेंटच्या मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये छापावीत. शून्य मूल्ये तीन हवीत, येतात पाच. तीन ही एलिमेंट न ताणता नुसता हलण्या-फिरण्याची; ती जादा दोन म्हणजेच अवरग्लास मोड, म्हणजे एलिमेंट वाकूनही ऊर्जा न लागणारी खोटी रूपे.

दुसरा नमुना आपल्याच भागातला घ्यावा. जळगावचा पाइप आणि ठिबकचा उद्योग सर्वांच्या परिचयाचा आहे. आतील त्रिज्या 45 मिमी, बाहेरील 50 मिमी आणि आतील दाब 0.6 मेगापास्कल घेतल्यास लामेच्या सूत्राने आतील कडेचा हूप स्ट्रेस (परिघाच्या दिशेचा) सुमारे 5.72 मेगापास्कल येतो. हीच भूमिती प्लेन स्ट्रेनमध्ये ठेवून पॉयसन गुणोत्तर 0.3 वरून 0.4999 पर्यंत वाढवत न्यावे. साध्या एलिमेंटचे त्रिज्यीय विस्थापन सूत्राच्या उत्तराच्या फार खाली कसे घसरते, हे पाहिल्यावर ठिबकच्या रबरी ग्रोमेटसाठी बी-बार (आकारमानातील बदल सरासरीने घेणारे) किंवा मिश्र (दाब वेगळा अज्ञात धरणारे) सूत्रीकरण का लागते, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

अरेषीय भागात न्यूटन-राफसनच्या प्रत्येक फेरीचा रेसिड्युअल (बलांच्या समतोलात उरलेला फरक) छापण्याची सवय लावावी. टँजंट मॅट्रिक्स (विस्थापन बदलल्यावर बले कशी बदलतात ते सांगणारी) बरोबर असेल तर उत्तराजवळ तो साधारण 10⁻², 10⁻⁴, 10⁻⁸ असा कोसळतो. दर फेरीला नुसताच निम्मा होत असेल, तर मॅट्रिक्समधील एखादे पद राहून गेले आहे. अशा वेळी एकेका विस्थापनात सूक्ष्म बदल करून बलांतील फरकाशी टँजंटचा स्तंभ ताडून पाहावा. हे काम कंटाळवाणे असते, पण सगळा प्रोग्राम रात्रभर डोळ्यांनी तपासण्यापेक्षा पुष्कळ लवकर उरकते. पुस्तकातील त्रुटीचे प्रमेय वाचतानाही हाच मार्ग धरावा: रेषीय एलिमेंटची मेश निम्म्या आकाराची केल्यावर, उत्तर गुळगुळीत असल्यास, विस्थापनातील त्रुटी चतुर्थांश आणि स्ट्रेसमधील त्रुटी निम्मी होते का, हे लॉग-लॉग आलेखावर पाहावे.

व्यावसायिक सॉफ्टवेअरकडे यानंतरच वळावे आणि वरचीच उदाहरणे तेथे पुन्हा सोडवावीत. प्रबंधात एखाद्या ब्रॅकेटचा आतला कोपरा धारदार असेल, तर तेथील कमाल स्ट्रेस मेश बारीक करू तसा वाढतच जातो, कारण रेषीय सिद्धांतानुसार तो तेथे अनंत असतो. तो आकडा निष्कर्षात लिहू नये. कोपऱ्याची खरी गोलाई मॉडेलमध्ये घ्यावी आणि मग किमान तीन मेशांवर उत्तर स्थिरावते का ते दाखवावे.