लॉ स्कूलआधी ग्रॅज्युएट कोर्स घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत बॅचलर्स करताना एखादा ग्रॅज्युएट, म्हणजे मास्टर्सच्या पातळीचा, कोर्स घेतला की लॉ स्कूलवर छाप पडेल, असं बऱ्याच मुलांना वाटतं. पडतेही, पण मुलं समजतात त्या कारणानं नाही.

सगळ्यात महागात पडतो तो हा भरवसा: ‘कोर्स अवघड आहे, बी मिळाला तरी समजून घेतील.’ अर्ज एलएसएसी या संस्थेमार्फत जातो आणि ती तुमचा जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी, स्वतःच्या नियमांनी नव्यानं काढते. कोर्स कठीण होता म्हणून त्यात जास्तीचं काही मिळत नाही. समजा, ९० क्रेडिट्सवर तुमचा जीपीए ३.८५ आहे. तीन-तीन क्रेडिट्सच्या दोन कोर्समध्ये बी आला की तो ३.८० वर येतो. लॉ स्कूलना प्रवेश घेतलेल्यांचा मध्यक जीपीए दरवर्षी जाहीर करावा लागतो, त्यामुळे एवढ्याशा घसरणीकडेही त्यांचं लक्ष असतं.

कोर्स पुन्हा करून जुना ग्रेड पुसला जाईल, हाही गैरसमज. कॉलेज कदाचित पुसेल. ट्रान्स्क्रिप्टवर दोन्ही ग्रेड आणि क्रेडिट्स दिसत असतील तर एलएसएसी दोन्ही धरते. त्यापेक्षा झेपत नाही असं दिसताच मुदतीत कोर्स सोडा. कोर्स सोडल्याची खूण म्हणून येणारा एखादा साधा ‘डब्ल्यू’ जीपीएत धरला जात नाही. उलट ए प्लस मिळाला तर एलएसएसी त्याचे ४.३३ धरते, तुमचं कॉलेज ४.०० वर थांबत असलं तरी.

मग घ्यायचाच कशाला? शिफारसपत्रासाठी. दोनशे मुलांच्या वर्गात प्राध्यापकांना तुमचं नावही माहीत नसतं. दहा-बारा जणांच्या सेमिनारमध्ये ते तुमचा युक्तिवाद दर आठवड्याला ऐकतात, वीस पानी पेपरचा कच्चा खर्डा खोडून परत देतात आणि तुम्ही तो कसा सुधारलात हेही पाहतात. असं पत्र नेमकं उतरतं, आणि माझ्या मते या कोर्सची खरी कमाई तीच.

म्हणूनच वेळ चुकवू नका. शेवटच्या वर्षाच्या फॉलमध्ये (पहिल्या सत्रात) कोर्स घेऊन ऑक्टोबरात अर्ज केलात, तर ग्रेडही नसतो आणि पत्रात लिहिण्यासारखंही फारसं नसतं. वर एलसॅट या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास डोक्यावर. तिसऱ्या वर्षाचा स्प्रिंग (दुसरं सत्र) बरा.

पुण्या-मुंबईत पदवी घेऊन तिकडे मास्टर्सला गेलेल्यांचं वेगळं आहे. भारतीय पदवीचा एलएसएसी जीपीए काढत नाही, दर्जा ठरवते. आणि मास्टर्सचे ग्रेड अंडरग्रॅज्युएट जीपीएत मिसळत नाहीत.