जुन्या गाडीचा एसी आर-१२ वरून आर-१३४ए वर नेताना

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची मारुती ८०० किंवा कॉन्टेसा असेल, तर तिच्या एसीत थंडावा देणारा गॅस म्हणून बहुधा आर-१२ भरलेला असायचा. ओझोनच्या थराला मारक म्हणून माँट्रिअल करारानुसार २०१० पर्यंत तो बंद झाला. आर-१३४ए या नंतरच्या गॅसवर जाता येतं, पण "जुना सोडायचा, नवा भरायचा, तासाभराचं काम" म्हणणाऱ्या गॅरेजात गाडी लावू नका.

उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका.

आता ऑइल. मलाही पूर्वी याच पायरीने छळलंय. आर-१२ बरोबरचं मिनरल ऑइल त्या गॅसमध्ये विरघळून सगळीकडे फिरायचं. आर-१३४ए मध्ये ते विरघळत नाही. मग ते कन्डेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि केबिन गार करणाऱ्या कूलिंग कॉइलमध्ये साचतं, गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि जाम होतो. लगेच नाही होत, म्हणून तर "आमच्या सगळ्या गाड्या मस्त चालतात" असं सांगणारे भेटतात.

कॉम्प्रेसर उतरवा, उपडा करा आणि शाफ्ट हाताने फिरवत ऑइल निथळू द्या. कन्डेन्सर, कॉइल आणि पाइप सुटे करून एसीच्याच फ्लशिंग लिक्विडने धुवा, मग कोरड्या नायट्रोजनने फुंका. पेट्रोल-रॉकेल अजिबात नको. कॉम्प्रेसर, ड्रायर (ओलावा शोषणारी डबी), एक्सपान्शन व्हॉल्व्ह (कॉइलआधी गॅसचा दाब उतरवणारी झडप) यांतून फ्लश सोडायचा नाही. कॉइल डॅशबोर्डमागे असते, म्हणून मेकॅनिक टाळाटाळ करतो. करू देऊ नका, बरंच ऑइल तिथेच दडलेलं असतं.

नवं ऑइल एस्टरच घाला. पॅग हे दुसरं सिंथेटिक ऑइल नव्या गाड्यांना ठीक, पण ते हवेतला दमटपणा भराभर ओढतं आणि आर-१२ च्या उरल्यासुरल्या क्लोरीनशी त्याचं जमत नाही. आणि "थोडं जास्तच टाका, बरं असतं" हा सल्ला ऐकू नका. जादा ऑइल कॉइलच्या आत थर धरतं, थंडावा घटतो.

ओ-रिंग (जोडांतली रबरी सीलं) सगळ्या नव्या, एचएनबीआर या रबराच्या. ड्रायर आर-१३४ए ला चालणारा नवाच, आणि त्याची टोपणं सगळ्यात शेवटी उघडा. सर्व्हिस पोर्टला, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाला, आर-१३४ए चा अडॅप्टर लावा. पंपाने आतली हवा काढत पाऊण तास व्हॅक्यूम ओढा. पंप बंद केल्यावर गेजचा काटा वर सरकला तर आधी गळती शोधा.

गॅस वजनकाट्यावर तोलून भरा, मूळ आर-१२ च्या वजनाच्या ८० ते ८५ टक्के. ८०० ग्रॅम लिहिलं असेल तर ६४० ते ६८०. ड्रायरच्या काचेत बुडबुडे दिसले म्हणून आणखी भरत बसू नका. आर-१३४ए मध्ये त्या काचेवर भरवसा नाही. शिवाय त्याचं हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडतानाचा दाब, आधीच जास्त असतं. सिग्नलला थंडावा पडत असेल तर कन्डेन्सरचा पंखा तपासा. स्वस्त म्हणून एलपीजीसारखा गॅस भरायला कुणी निघालं, तर गाडी बाहेर काढा. तो पेटतो आणि कॉइल केबिनमध्ये असते.

गॅसचं नाव, वजन आणि ऑइल लिहून बॉनेटखाली चिकटवा, नाहीतर पुढचा मेकॅनिक त्यात भलतंच काही ओतेल.