जठराच्या गाठीतल्या रोगप्रतिकारक पेशी : रिपोर्ट हातात आल्यावर या चुका टाळा

जठराच्या कॅन्सरचा तुकडा तपासून आला की रिपोर्टात हल्ली कधी कधी एक नवी ओळ असते : गाठीत लिम्फोसाइटची (रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) दाट गर्दी. त्यावरून घरात दोन तट पडतात. एकाच्या मते शरीर झुंजतंय, म्हणजे पेशंट तरला. दुसऱ्याच्या मते पेशी वाढल्या, म्हणजे रोग पसरला. दोघंही घाई करतात.

आधी एक नेहमीची गल्लत. रक्ताच्या रिपोर्टातल्या पांढऱ्या पेशी आणि गाठीत शिरलेल्या पेशी या दोन वेगळ्या गोष्टी. सीबीसीत आकडा वाढला तर त्यामागं साधा जंतुसंसर्गही असू शकतो. गाठीत काय चाललंय ते तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावरच दिसतं. आणि 'लिम्फोसाइट' वाचून 'लिम्फोमा' समजू नका, तो लिम्फोसाइटचाच कॅन्सर, वेगळा आजार.

दुसरी चूक जास्त महाग पडते : गाठीतली प्रत्येक प्रतिकारक पेशी आपल्या बाजूची मानणं. सीडी८ टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) कॅन्सरच्या पेशींना मारतात. त्या गाठीच्या आत, कॅन्सरपेशींना भिडलेल्या असतील तर साधारणपणे पेशंटचं पुढचं चित्र बरं असतं. त्याच पेशी कडेच्या तंतुमय भागात अडकून पडल्या असतील तर तेवढा उपयोग नाही. नियामक टी-पेशी आणि काही प्रकारचे मॅक्रोफेज (जंतू, मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) तर उलट हल्ल्याला लगाम घालतात. म्हणून नुसतं 'पेशी भरपूर' हे उत्तर अर्धवट आहे. कुठल्या आणि कुठं, हे विचारा.

तेही स्टेजच्या नंतर. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली आणि किती लसिका गाठी (लिम्फ नोड) बाधित आहेत, याचं वजन आजही सगळ्यात जास्त. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात ३/१८ असं दिसलं तर १८ लसिका गाठी तपासल्या, ३ मध्ये कॅन्सर सापडला. किमान १६ तपासलेल्या असाव्यात अशी अपेक्षा असते. हा आकडा ५-६ वरच थांबला असेल तर डॉक्टरांना तिथं थांबवून विचारावं, लिम्फोसाइटची ओळ नंतर बघता येईल.

रिपोर्टात कधी सीपीएस नावाचा आकडाही असतो. ते परीक्षेचे गुण नव्हेत. पीडी-एल१चा (प्रतिकारक हल्ल्याला ब्रेक लावणाऱ्या प्रथिनाचा) रंग घेतलेल्या कॅन्सरपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज मोजायचे, त्यांना एकूण जिवंत कॅन्सरपेशींनी भागायचं आणि १०० नं गुणायचं. १०० कॅन्सरपेशींमागं ४ कॅन्सरपेशी आणि ६ प्रतिकारक पेशी रंगल्या तर सीपीएस १०. निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारक पेशींना चेतवणाऱ्या) औषधाच्या मोठ्या चाचणीत ५ ही सीमा धरली होती. हा आकडा इम्युनोथेरपीचा फायदा होण्याची शक्यता सांगतो, आयुष्य किती ते नाही. शिवाय एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांत तो वेगळा येऊ शकतो. दुर्बिणीतून एकच चिमुकला तुकडा काढलेला असेल तर त्यावर फार भिस्त ठेवू नये.

आता खरा घोळ. आपल्याकडे कित्येकदा ऑपरेशन एका गावात आणि लॅब दुसऱ्या गावात असते. मग बरणी नातेवाइकाच्या हातात येते, कॅरीबॅगेत घालून, आणि मिरज-सांगली वडापात (शेअर जीपमध्ये) मांडीवर बसते. आत फॉर्मालिन (तुकडा टिकवणारं रसायन) आहे की नुसतं सलाईन, हे तिथल्या तिथं विचारा. तुकडा पूर्ण बुडालेला हवा, द्रव त्याच्या दहापट तरी हवा. सलाईनमध्ये रात्रभर राहिलेल्या पेशी कुजू लागतात, मग त्यांच्यावर ना सीडी८ नीट रंगतं ना पीडी-एल१. आणि फॉर्मालिनमध्येसुद्धा आठवडाभर पडून चालत नाही. ६ ते ७२ तास हा नेम. लॅब रविवारी बंद असेल तर शनिवारची बरणी सोमवारपर्यंत कुठं राहणार, ते आधीच ठरवा. घरच्या फ्रीजरमध्ये तर अजिबात नको.

मुंबईला दाखवायला निघताना फक्त कागद नेणं हीही तशीच चूक. लॅबनं तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. नवी तपासणी त्यातूनच काप घेऊन होते, कागदावरून नाही. मे महिन्यात तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, एवढं सांगायलाच हवं.

ब्लॉक हाताशी असेल तर एमएसआय (पेशीतली डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडल्याची खूण) आणि एपस्टाइन-बार विषाणूची तपासणी झाली का, हे विचारा. २०१४ मध्ये जठराच्या २९५ गाठींचा जनुकीय अभ्यास झाला. त्यात सुमारे ९ टक्के गाठी या विषाणूच्या आणि २२ टक्के एमएसआय प्रकारच्या निघाल्या. लिम्फोसाइटची गर्दी जास्त करून याच दोन प्रकारांत आढळते, आणि उपचारांची निवड यावर बदलू शकते.

राहिली हळद. ती सांगलीची आहे, चांगलीच आहे, आमटीत हवी तेवढी घाला. पण प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणून तिच्या गोळ्या किंवा काढे डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. गाठीतल्या पेशी त्यानं वाढतात असा पुरावा नाही, केमोच्या औषधांशी झगडा मात्र होऊ शकतो. इम्युनोथेरपी सुरू असताना जुलाब लागले तर ताक-भातावर दिवस काढू नका. औषधानं चेतवलेल्या पेशी आतड्यावरही उलटू शकतात, म्हणून त्याच दिवशी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा.